साठ पावलांचा मुंबई-गोवा हायवे

गेल्या आठवड्यात लिफ्टचं दार तळमजल्यावर उघडलं आणि ऑइलपेंटचा वास आला. पार्किंगमध्ये कोणीतरी उकिडवं बसून जमिनीवर पांढरे बाण काढत होतं. पाठ माझ्याकडे होती, पण मान डावीकडे कलती ठेवून ब्रश ओढायची लकब बघितली आणि मी ओळखलं, कांबळे पेंटर. गाड्यांचे नंबर आणि बाण रंगवायचं काम सोसायटीनं त्याला दिलं असणार. मी लिफ्टमधून बाहेर पडलेच नाही. बटण दाबून पुन्हा सतराव्या मजल्यावर गेले, दुसऱ्या बाजूच्या लिफ्टनं उतरले आणि मागच्या गेटनं शाळेत कामाला गेले. रंग ओला होता, पाय पडला असता, असं वाटेत स्वतःला समजावत होते. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते काही उगीच नाही. मस्टरवर त्या दिवशी उशिराची सही झाली.

वैशाख तापायला लागला की माझं असं होतं. लोकांना ह्या दिवसांत आंब्याचा, मोगऱ्याचा वास येतो, मला ब्लीचिंग पावडरचा येतो. करोनाच्या त्या वर्षी परीक्षा झाल्याच नव्हत्या. आमच्या शाळेच्या ऑफिसात प्रश्नपत्रिकांचे गठ्ठे सील न फोडता पडून होते आणि मी चाळीतल्या खोलीत बसून दिवसभर स्वतःचा घसा तपासत होते. आवंढा गिळायचा, दुखतं का बघायचं, पुन्हा गिळायचा. इतक्या वेळा गिळला तर कोणाचाही घसा दुखेल. भित्यापाठी ब्रह्मराक्षस, आणि माझ्यापाठी तर तो जन्मापासून लागलेला. त्या वर्षी एवढंच झालं की तो सगळ्यांनाच दिसायला लागला.

आता आम्ही टॉवरमध्ये राहतो, मी आणि बाबा. बीडीडीची आमची चाळ पाडली आणि त्याच आवारात ही उंच घरं आली. नळ घरात, संडास घरात, खिडकीतून समुद्राचा एक तुकडा दिसतो. बाबा पहिले काही दिवस घरातल्या संडासात जायला लाजायचे. स्वयंपाकाच्या ओट्याला पाठ लावून कसं बसायचं, म्हणायचे. चाळीत एका मजल्यावर वीस खोल्या होत्या, दहा इकडे, दहा तिकडे, आणि मधून लांबलचक पॅसेज. भर दुपारी तिथे बल्ब लावावा लागे. एका टोकाला जिना, दुसऱ्या टोकाला मोरी आणि सगळ्यांचे मिळून संडास. आमची खोली जिन्याला लागून, म्हणजे संडास बरोबर साठ पावलांवर. लहानपणी अंधाराच्या भीतीनं मी आकडे म्हणत धावत जायचे, म्हणून हा हिशोब पक्का आहे.

चाळीची एक रीत होती, दिवसा दार लावायचं नाही. सकाळी उघडलेलं दार जेवणं आटोपली की मगच बंद व्हायचं. मध्येच कोणाचं बंद दिसलं तर लोक वाजवून विचारत, काय झालं, बरं नाही का. आमच्या समोरची खोली परबकाकींची. काकी कणकवलीकडच्या, नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, मुलगी लग्न करून कुडाळला. म्हणायला त्या एकट्या राहत, पण त्यांचं दार आणि आमचं दार समोरासमोर उघडं, त्यामुळे एकटेपणा त्यांच्या वाट्याला फारसा आलाच नाही. आमच्या भिंतीवर बुद्धाची तसबीर, त्यांच्या भिंतीवर गणपती, मध्ये चार-पाच फुटांचा पॅसेज. आमची आई गेल्यावर माझ्या वेण्या त्या पॅसेजमध्ये बसून काकींनीच घातल्या.

बाबांनी उमेदीची वर्षं गिरणीच्या कार्डिंग खात्यात काढली. तिथे कापसाची धूळ हवेत तरंगत असायची आणि माणसं ती छातीत भरून घरी यायची. गिरणी बंद पडली, बाबांनी पुढे वॉचमनची नोकरी धरली, तीही संपली, खोकला मात्र राहिला. सकाळी नळाला पाणी आलं की तो यायचा. आधी दोन छोटे ठसके, मग एक लांब ओढ, मग क्षणभर शांतता, आणि घसा मोकळा करून बाबा आपल्याशीच म्हणायचे, झालं. मजल्यावर ह्याला बाबांचा भोंगा म्हणत. भोंगा वाजला की परबकाकी चहाचं आधण ठेवायच्या, पलीकडच्या खोल्यांतली पोरं उठायची. बाबा कुठे परगावी गेले असले तर अख्ख्या मजल्याला उशीर व्हायचा. शाळकरी वयात मला त्या खोकल्याची भारी लाज वाटायची.

त्या एप्रिलमध्ये तळमजल्यावरच्या एका गृहस्थांना ताप आला आणि दोन दिवसांत आमच्या गेटला बांबू बांधले गेले. वरळी हे मुळातलं बेट. सात बेटांच्या यादीत मी ते शाळेत घोकलेलं होतं, मोठेपणी विसरले. बांबू बांधले त्या दिवशी आमची चाळ पुन्हा बेट झाली. रस्त्यावर चिटपाखरू नाही. जयंतीला जिथे पाय ठेवायला जागा नसते तिथे त्या वर्षी एक कुत्रं आरामात झोपलेलं. आम्ही खिडक्यांत मेणबत्त्या लावल्या आणि आपापल्या खोलीत हळू आवाजात वंदना म्हटली. कोणाला फोन लावला की आधी रेकॉर्ड केलेला खोकला ऐकू यायचा, मग सूचना, मग पलीकडचं माणूस. तो खोकला ऐकला की बाबा माझ्याकडे बघत आणि मी दुसरीकडे.

ते तळमजल्यावरचे गृहस्थ परत आलेच नाहीत. त्यांच्या बायकोला शेवटचं तोंडही बघायला मिळालं नाही. ही बातमी जिना चढून वर आली तेव्हा मी कणीक मळत होते, तशीच परातीत हात घालून बसून राहिले. कारण ते गृहस्थ आणि बाबा रोज सकाळी जिन्याखालच्या बाकावर बसून एकच पेपर वाचायचे. पानं वाटून घ्यायची, मग अदलाबदल करायची. बांबू बांधायच्या आदल्या आठवड्यापर्यंत हे चालू होतं. संपर्कात कोण कोण आलं त्याची यादी करायला आरोग्यसेविका वर आली तेव्हा मी तिला सांगितलं, आमचे बाबा पंधरा दिवस झाले, खाली उतरलेच नाहीत. इतकं सहज तोंडातून गेलं की क्षणभर मलाच खरं वाटलं. बाबा मागे खाटेवर होते, त्यांनी ऐकलं आणि पेपरात डोकं घातलं.

मजल्यावर सगळ्यांना खरी धास्ती होती ती संडासाची. घरात कितीही कोंडून घ्या, तिथे जावंच लागणार. पॅसेजमध्ये समोरून कोणी बालदी घेऊन आलं की दोघंही भिंतीला पाठ लावून श्वास रोखायचे. एकदा दोन शहाणी माणसं समोरासमोर थांबली, तू आधी की मी आधी करत, आणि शेवटी दोघंही आपापल्या घरी परत गेली. मग कांबळे पेंटर पुढे झाला. तो आमच्याच मजल्यावरचा, संडासाच्या बाजूच्या टोकाचा. दुकानांच्या पाट्या, ट्रकमागची अक्षरं, नंबरप्लेट, असली कामं करायचा. तेव्हा रिकामाच होता. उरलेला पांढरा पेंट घेऊन त्यानं जिन्यापासून संडासापर्यंत पॅसेजच्या मधोमध सरळ रेघ ओढली. डावीकडून जायचं, दुसऱ्या अंगानं यायचं, बाण काढून दिले. मध्ये थांबायचं नाही, ओलांडायचं नाही, दारात उभं राहायचं नाही. मोरीच्या भिंतीवर सवयीनं 'वाहने सावकाश हाका' असंही लिहून ठेवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सगळे बालद्या घेऊन एकामागून एक रांगेत निघाले. कोणीतरी तोंडानं हॉर्न वाजवला. कित्येक दिवसांत पहिल्यांदा पॅसेजमध्ये हसण्याचा आवाज झाला. परबकाकी आपल्या उंबऱ्याच्या आत स्टुलावर बसून हे सगळं बघत होत्या. दर मे महिन्यात त्या गावी जायच्या आणि दर वर्षी परत आल्या की रस्त्याच्या नावानं बोटं मोडायच्या. त्या वर्षी तर गावानंच चाकरमान्यांना येऊ नका म्हणून कळवलेलं. काकी म्हणाल्या, "आमचो मुंबई-गोवा हायवे माझ्या जल्मात काय पुरो होवचो नाय. ह्यो बघ, एका सकाळीत झालो."

झालं, नाव पडलं. संध्याकाळपर्यंत पेंटरनं जिन्याच्या टोकाला 'मुंबई' आणि संडासाच्या टोकाला 'गोवा' असं सुबक अक्षरांत लिहून टाकलं. मग काय, 'गोव्याला जाऊन येते', 'गोव्याला गर्दी आहे का', 'पोरगं दोनदा गोव्याला गेलं, पोट बिघडलंय वाटतं'. साठ पावलांचा रस्ता, पण सरकारी हायवेपेक्षा शिस्तीचा. लोकांनी असं हसून स्वतःला सावरलं. मीही हसत होते आणि हसता हसता कान बाबांच्या छातीकडे लावून होते.

बांबू बांधल्याला पाच-सहा दिवस झाले असतील. सकाळी नळाला पाणी आलं, बाबांचे दोन ठसके झाले, लांब ओढ आली, आणि मग काहीच नाही. मी रिकामा हंडा कमरेवर धरून दारातच वाट बघत राहिले. 'झालं' आलंच नाही. त्याऐवजी पुन्हा ठसके, कोरडे, घाईघाईचे. दुपारी मी सुकट भाजली. हल्ली सुकटीला वास राहिला नाही, बाबा म्हणाले. माझ्या नाकात तो वास झणझणत होता. त्यांना म्हटलं, हो, जुनी आहे सुकट. तव्यावरची सुकट पार करपून गेली.

मला कळलं होतं. हे मी आज लिहिते आहे, पण तेव्हा मनातल्या मनातसुद्धा ते वाक्य मी पुरं होऊ देत नव्हते. कळलं म्हणजे सांगावं लागणार, सांगितलं म्हणजे पांढऱ्या पोशाखातली माणसं बाबांना खाली नेणार, आणि खाली गेलेल्या माणसाचं काय होतं ते मी परातीत हात घालून ऐकलेलं होतं. आरोग्यसेविका साधारण अकराला यायची. मी दहाला बाबांना तापाची गोळी द्यायला सुरुवात केली. बंदुकीसारखं ते यंत्र कपाळाला लागायचं तोवर अंग गार झालेलं असायचं. असली हुशारी कुठून सुचली देव जाणे, मी एरवी साध्या खरेदीत फसणारी बाई.

एकदा मात्र ती दारात उभी असतानाच बाबांना ठसका लागला. तिनं पेन उचललं. वयानं लहानच होती, काचेआड घामानं डबडबलेली. किती दिवसांपासून आहे, तिनं विचारलं. तेवढ्यात समोरून आवाज आला. परबकाकी आपल्या उंबऱ्यात येऊन उभ्या होत्या.

"तो खोकलो गिरणीचो, बाय," त्या म्हणाल्या. "तीस वर्सां आयकतंय मी. तेचा काय लिवन घेतंस?"

आजूबाजूच्या दारांतून दोघातिघांनी दुजोरा दिला. हो हो, जुनाच आहे, आमचा भोंगा आहे तो. ती थकलेली पोरगी पेन खाली करून पुढच्या दाराकडे गेली. त्यांनी कोणीही खोटं सांगितलं नव्हतं. तो खोकला सगळ्यांच्या इतका ओळखीचा की त्याच्यात दुसरा कोणी शिरला असेल असं त्यांच्या मनात यायचं कारण नव्हतं. खोटी होते ती मी एकटी. मी दार लावून घेतलं, दिवसाढवळ्या, आणि खाटेच्या पायाशी बसले.

नंतरचे दिवस मला नीट लावता येत नाहीत. वाफारे, काढा, बाबांच्या पाठीखाली दोन उशा, आणि त्यांचे श्वास मोजणं. काकी रोज पेज करायच्या आणि पातेलं रेघेवर आणून ठेवायच्या. मी ते उचलायचे आणि घासून पुन्हा रेघेवर ठेवायचे. इथवर सगळं नियमात होतं. एके सकाळी मी मोरीवर पाणी भरत होते. परत आले तर आमचं दार उघडं आणि काकी आत, खाटेच्या कडेवर. बाबांना जोराची उबळ आली असणार. त्यांना पुढे वाकवून काकी त्यांची पाठ चोळत होत्या. मास्क एका कानाला लोंबत होता. बाबांचं डोकं त्यांच्या खांद्यावर होतं.

मी काय करायला हवं होतं ते शेंबडं पोरही सांगेल. काकी, बाहेर व्हा, बाबांना ते झालंय, एवढं म्हणायचं होतं. मी हंडा हातात घेऊन दारात उभी राहिले. म्हटलं असतं तर मजल्याला कळलं असतं. काकी उठल्या, माझ्या गालाला हात लावून म्हणाल्या की घाबरू नको, पोरी, उतरेल हा. मी त्यांना हात धुवायलासुद्धा सांगितलं नाही.

आठवड्याभरानं काकींना ताप आला. त्यांनी लपवाछपवी केली नाही, स्वतःच आरोग्यसेविकेला बोलावून सांगितलं. पांढऱ्या पोशाखातले दोघे न्यायला आले तेव्हा काकी पिशवी भरून तयार होत्या. नवं लुगडं, औषधांचा डबा, मुलीचा नंबर लिहिलेला कागद. पॅसेजमध्ये सगळे आपापल्या दारांच्या आत उभे. काकी जिन्याकडे निघाल्या त्या पेंटरच्या रेघेच्या योग्य बाजूनं, बाण बघून. आमच्या दाराशी क्षणभर थांबल्या. "येतंय गो," म्हणाल्या, "बाबांका पेज घाल." मी मान हलवली. हॉस्पिटलात त्या अकरा दिवस होत्या. कुडाळहून मुलगी येऊ शकली नाही. तिनं जे काही बघितलं ते फोनच्या पडद्यावर.

बाबा बरे झाले. काकी गेल्याचं कळलं त्यानंतर थोड्याच दिवसांनी एका सकाळी खोकला पुरा झाला, शेवटचा तो शब्द आला, 'झालं'. मी उशीत तोंड खुपसून रडले, आनंदानं की कशानं ते मला आजही सांगता येणार नाही. समोरच्या दाराला कुलूप होतं.

मजल्याला आता कारण हवं होतं. काकी तर इमारतीबाहेर पडल्या नव्हत्या, मग त्यांना झालं कसं? बांबू बांधल्यापासून गेटवरून सगळ्यांची भाजी, दूध वर आणायचं काम एकटा पेंटर करत होता. त्यानंच आपण होऊन घेतलेलं. काकींना ताप येण्याच्या चार दिवस आधी त्यानं त्यांना कैऱ्या आणि शेवग्याच्या शेंगा आणून दिल्या होत्या. तेवढं पुरलं. कोणी भांडलं नाही, कोणी तोंडावर बोललं नाही. फक्त त्यानं आणलेल्या पिशव्या लोक दोन दोन दिवस उन्हात ठेवायला लागले, मग दुसऱ्या कोणालातरी खाली पाठवायला लागले. मला सगळ्यात भीती वाटली ती पेंटरनं ते मान्य केलं तेव्हा. असेल, तो म्हणाला, माझ्याच हातून गेलं असेल, शेंगा मी धुतल्या नव्हत्या. आणि मी आपलं ठेवलं झाकून.

पुढच्या वर्षी, दुसरी लाट यायच्या आधी, काकींच्या आठवणीसाठी मजला जमला. बांबू निघाले होते, लोक पुन्हा एकमेकांच्या दारात बसायला लागले होते. चहा माझ्याकडे होता. मी स्टीलच्या ट्रेमध्ये घरचे कप मांडले. मागून कोणीतरी हळूच म्हटलं, पेंटरला कागदी कपात दे ग, उगाच कशाला. मी कागदी कप घेतला, त्यात चहा ओतला आणि त्याच्या हातात दिला. बाकी सगळ्यांच्या हातात चिनी मातीचे. त्यानं कपाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, चहा प्याला आणि रिकामा कप चुरगाळून खिशात टाकला. त्या दिवसानंतर तो कोणाकडे चहाला बसला नाही.

कधी कधी मला वेगळीच शंका छळते. तीस वर्षं ज्या बाईनं ह्या खोकल्यावर चहाचं आधण ठेवलं, तिला शेवटचा शब्द गळाल्याचं खरंच ऐकू आलं नसेल? मला आलं तर तिला नाही येणार? की तिला कळलं होतं, आणि तिनं उंबऱ्यात उभं राहून जाणूनबुजून ते वाक्य म्हटलं, आणि जाणूनबुजून खाटेवर येऊन बसली? असं असेल तर माझा गुन्हा कमी होतो की वाढतो, हे मला ठरवता येत नाही. विचारायचं तरी कोणाला?

हा टॉवर आला, लॉटरीनं मजला विखुरला, कोणी सहाव्यावर, कोणी एकविसाव्यावर. इथे सगळ्यांचीच दारं दिवसभर बंद. मला वाटलं होतं, बरं झालं, हायवे गेला तसं तेही गेलं. पण भीती काही दगडविटांबरोबर पडत नाही. पेंटर ह्याच इमारतीत पाचव्या मजल्यावर राहतो. त्याला टाळण्यासाठी कुठली लिफ्ट कधी घ्यायची, याचं माझं एक वेळापत्रकच होतं. सहा वर्षं म्हणजे पोर पहिलीत जायचं वय. इतका काळ मी एका भल्या माणसाकडे पाठ फिरवून चालले.

लिफ्टमधून परत फिरले त्यानंतर दोन दिवस तो खाली पार्किंगमध्येच होता. तिसऱ्या दिवशी रविवार होता. मी चहा केला, घरच्या कपात ओतला आणि बशीनं झाकून खाली नेला. तो खांबावर एक्केचाळीसचा एक काढत होता. मला बघून म्हणाला, जपून, ओलं आहे. मी कप खाली ठेवला.

"पेंटरदादा, परबकाकींना तुमच्या शेंगांतून नाही झालं," मी म्हटलं. "आमच्या घरातून झालं. बाबांना झाला होता आणि मला माहीत होतं."

त्यानं एकची रेघ शेवटपर्यंत ओढली, मग ब्रश डब्याच्या काठावर आडवा ठेवला. मी सगळं सांगितलं. जिन्याखालचा पेपर, दहाची गोळी, खाटेवर बसलेल्या काकी, हंडा घेऊन उभी राहिलेली मी. माझं संपल्यावर तो हाताला लागलेला रंग चिंधीनं पुसत राहिला.

"माझा आजा गाव सोडून ह्या चाळीत का आला, माहितीये ना तुला?" तो म्हणाला. "हॉटेलात आपला कप वेगळा. बाहेर खिळ्याला टांगलेला. आपणच धुवायचा, आपणच टांगायचा. त्याला कंटाळून आला तो. आणि मला तसला कप आपल्या माणसांत मिळाला. तुझ्या हातून."

मला माहीत होतं. आमच्या घरीही हीच गोष्ट सांगून आम्हाला मोठं केलेलं आहे. मी माफी मागितली.

"मला एकट्याला सांगून काय होणार, सुजाता? कप काय एकट्यात दिला होतास? सगळ्यांसमोर दिला होतास."

एवढं बोलून त्यानं ब्रश उचलला आणि पुढच्या खांबाकडे गेला. चहाला हात लावला नाही. मी कप तिथेच सोडून वर आले.

बाबांना सांगावंच लागलं. ऐंशीचे झालेत, गॅलरीत खुर्चीवर बसून असतात. मी सगळं बोलून टाकलं, मान खाली घालून, लहानपणी काही फोडल्यावर सांगायचे तसं. बाबा म्हणाले, मला ठाऊक होतं गं, वास गेला तेव्हाच कळलं होतं, पण तुला कळलं नसावं असं वाटायचं. तू घाबरशील म्हणून बोललो नाही. एका खोलीत, एका खाटेच्या वर-खाली झोपून आम्ही दोघं एकमेकांपासून तीच गोष्ट लपवत होतो.

आज वैशाखी पौर्णिमा. संध्याकाळी सहाला खालच्या हॉलमध्ये वंदना आहे. आमच्या मजल्यावरचे बहुतेक सगळे येतात. नावच सुजाता, बुद्धाला खीर देणारीचं, त्यामुळे खीर दर वर्षी माझ्याच गळ्यात असते. पातेलं भरून तयार आहे. वंदनेनंतर कोणाला दोन शब्द बोलायचे असतील तर बोलू देतात, तेव्हा उभं राहायचं असं मी ठरवलं आहे. काय म्हणायचं ते तीनदा लिहिलं, तीनदा फाडलं. लोक आधी गप्प होतील आणि मग बाबांकडे बघतील, ह्याचीच मला सगळ्यात भीती. म्हणून बाबांना म्हटलं, तुम्ही आज वरच थांबा, तुमच्या वाटची खीर मी आणते.

त्यांनी कपाटातून पांढरा सदरा काढायला लावला. बोटं वळत नाहीत, बटणं मीच लावून दिली. गळ्याचं बटण लागल्यावर त्यांनी माझा हात बाजूला केला आणि काठी मागितली.

"तू खीर वाढ," ते म्हणाले. "आधी मी बोलतो. खोकला माझा होता."